‘शोलापूर’ टाकून बघितलं का? (पीजीची मुलं आणि ऑनलाइन संदर्भ)

कार्डकपाट (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. सोलापुरातल्या एका अनुदानित सीनियर कॉलेजच्या ग्रंथालयात मी एकोणीस वर्षं काम करते. बरेच दिवस मनात होतं, आज लिहून टाकते. लांबलं तर सांभाळून घ्या.

गेल्या महिन्यात एम.ए. इतिहासाची एक मुलगी काउंटरवर आली. लघुप्रबंधाचा विषय १९३० चा मार्शल लॉ. म्हणाली, “मॅडम, सोलापूरवर नेटवर काहीच नाही. विषय बदलून घेऊ का?” काय काय बघितलंस म्हणून विचारलं तर तिने फोन पुढे केला. गूगलमध्ये इंग्रजीत ‘सोलापूर मार्शल लॉ’ टाकलेलं. वर दोन व्हिडिओ, खाली सात-आठ संकेतस्थळं आणि सगळीकडे एकच वाक्य: ९ ते ११ मे १९३० असे तीन दिवस सोलापूर स्वतंत्र होतं. स्वल्पविरामाचाही फरक नाही. हे तिने वहीत आठ संदर्भ म्हणून उतरवून घेतलं होतं.

मी म्हटलं, “अगं, हे आठ नाहीत, एकच आहे. एकाने लिहिलं, बाकीच्यांनी उचललं. त्या एकाने कुठून घेतलं ते एकात तरी दिलंय का?” नव्हतं दिलेलं. वाक्य खोटं आहे असं मी म्हणत नाही. ५ मेला गांधीजींना अटक झाली, ८ मेला गोळीबार झाला, १२ मेला लष्करी कायदा लागला, मधल्या दिवसांत सरकारी अंमल कोलमडला होता, एवढं कुठल्याही सोलापूरकराला माहीत असतं. पण ‘स्वतंत्र’ हा शब्द कोणाचा? काँग्रेसवाल्यांचा, कलेक्टरचा, की पन्नास वर्षांनी भाषण करणाऱ्या कोणाचा? लघुप्रबंध तिथूनच तर सुरू होतो.

मग तिला म्हटलं, साहेबाच्या राज्यात आपलं गाव ‘सोलापूर’ नव्हतं, ‘शोलापूर’ होतं. स्पेलिंगमध्ये एसच्या पुढे एच घाल. घातला, तर मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा विसावा खंड आला, १८८४ चा, अख्खा आपल्या जिल्ह्यावर. त्यात १९३० असणार नाही हे उघड आहे, पण गिरण्या येताना गाव कसं होतं ते आहे. मग राष्ट्रीय अभिलेखागाराचं ‘अभिलेख पटल’ उघडलं, तिथे तोच शब्द टाकला. गृह खात्याच्या राजकीय शाखेच्या फाइलींची यादी आली. विषय बदलायचं बोलणं तिथेच संपलं.

आता खरं दुखणं. ही मुलगी दुसऱ्या वर्षाला आहे. एन-लिस्टचं (कॉलेजांना वर्गणीत ई-नियतकालिकं आणि ई-पुस्तकं देणारी योजना) लॉगिन तिला पहिल्या वर्षी दिलंय. सहा हजारांवर नियतकालिकं आणि लाखाच्या वर ई-पुस्तकं. आमच्या पावतीवर वर्षाचे ५,९०० रुपये आहेत, एका समारंभाच्या शाली-श्रीफळाला याहून जास्त जातात. तिने ते एकदाही उघडलं नव्हतं. पासवर्डचा कागद कुठे आहे विचारलं तर “पिशवीत होता मॅडम, पिशवी धुतली.”

तुमच्याकडे काय अवस्था आहे? मुलांना हे शिकवायचं कोणी, कधी आणि कसं?

---

बाळ्याचा_बाळू

पिशवी धुतली 😂😂 लई भारी. आमच्या वर्गात एकाचा पासवर्ड फळ्यावरच लिहिलेला होता, सगळा वर्ग त्याच एका नावाने आत जायचा. तरी वर्षभरात दोनच जण गेले असतील, ते पण क्रिकेटचा स्कोअर लागतो का बघायला.

---

जुनी_गिरणी

ताई, लेख आवडला. मी अर्थशास्त्र शिकवून निवृत्त झालो. आमच्या वेळी हिराचंद नेमचंद वाचनालयात बसून वहीत हाताने उतारे काढायचो. एक संदर्भ मिळवायला हुतात्मा एक्स्प्रेस नव्हती तेव्हा रात्रीच्या पॅसेंजरने पुण्याला जायचो. कष्टाने मिळालेलं लक्षात राहायचं. आता सगळं बोटाच्या टोकावर आहे आणि डोक्यात काही नाही. साधनं वाढली, वाचणारा उरला नाही. मूळ रोग आळस आहे.

---

विडीघरकुल_७

सर, आदर ठेवून बोलतो, पण आळस नाही. मी एम.ए. भाग दोनला आहे. घरी अम्मा विड्या वळते, दिवसाला हजारचं टार्गेट. मी सकाळी एका दुकानात हिशेब लिहितो, दुपारी कॉलेज. लॅपटॉप नाही. जे काय संशोधन आहे ते सहा इंची फोनवर. दोन रकान्यांचं पीडीएफ फोनवर वाचून बघा सर एकदा. डावीकडून उजवीकडे, परत डावीकडे, ओळ सुटते, परत पहिल्यापासून. रोजचा डेटा दीड जीबी, त्यात बहिणीचं पण भागवायचं. व्हिडिओ बघताना माणूस पाच मिनिटांत निदान विषय काय ते समजून उठतो, म्हणून व्हिडिओकडे जातो.

आणि लॉगिनचं म्हणाल तर मला ज्या मेलवर आलं होतं तो मेल सायबर कॅफेवाल्याने फॉर्म भरताना काढून दिलेला. त्याचा पासवर्ड त्यालाच माहीत. कॅफे बंद झाला.

कार्डकपाट मॅडम, माझा विषय विडी कामगार बायकांच्या घरांचा आहे. रे नगर या कामगारांच्या घरकुल प्रकल्पाबद्दल एका ठिकाणी १५,००० घरं लिहिलंय, दुसऱ्या ठिकाणी ३०,०००. गाईडना विचारलं तर म्हणाले मोठा आकडा टाक. कोणता खरा?

---

कार्डकपाट

@विडीघरकुल_७, दोन्ही खरे. आणि म्हणूनच मोठा आकडा टाकू नकोस. पूर्ण प्रकल्प ३०,००० घरांचा. पायाभरणी जानेवारी २०१९ ची, आणि १९ जानेवारी २०२४ ला किल्ल्या दिल्या त्या १५,००० घरांच्या. बातमी कोणत्या दिवसाची आहे ते बघितलं की भांडण मिटतं. तुझ्या प्रबंधात ‘मंजूर’, ‘बांधलेली’ आणि ‘राहायला गेलेली’ असे तीन वेगळे आकडे लागतील. तिसरा कुठे छापलेला मिळणार नाही, तो तुलाच घरोघर फिरून काढावा लागेल. तिथे तुझं काम आमच्या सगळ्या डेटाबेसच्या पुढचं आहे.

मेलचं सोमवारी ये, ग्रंथालयातून नवीन मेलवर लॉगिन बदलून मिळतं, दहा मिनिटांचं काम आहे. हे मुलांना माहीतच नसतं हा आमचा दोष, तो कबूल. आम्ही काय करतो? ऑगस्टमध्ये दीडशे मुलांना सभागृहात कोंबून पडद्यावर तासभर स्लाइड दाखवतो, फोटो काढतो आणि नॅकच्या (कॉलेजांचं मूल्यांकन करणारी संस्था) फाइलला लावतो. त्या वेळी कोणाचा विषयच ठरलेला नसतो. भूक लागायच्या आधी जेवण वाढायचं आणि भूक लागली की कपाटाला कुलूप.

@जुनी_गिरणी सर, तुमच्या उताऱ्यांच्या वह्या मी बघितल्या असत्या तर मला नक्की आवडलं असतं. पण तेव्हा वाचनालयात जे होतं ते कोणीतरी निवडून ठेवलेलं होतं. ग्रंथपालाने वाईट पुस्तक बाहेरच ठेवलेलं असायचं. आता निवड पोराच्या अंगावर पडली आहे आणि ती कशी करायची हे कोणी सांगितलेलं नाही.

---

हुतात्माने_अपडाउन

चांगला धागा. मी पुण्यात पीएचडी करतो, घर जुळे सोलापूर. काही गोष्टींची सरमिसळ होते, म्हणून लिहितो.

‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ (सगळ्यांसाठी सरकारनेच संशोधन नियतकालिकांची वर्गणी भरायची योजना) ऐकून पुष्कळ जण म्हणतात आता सगळं फुकट झालं. केंद्राने नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर केलं, १ जानेवारी २०२५ पासून चालू. तीन वर्षांना ६,००० कोटी, ३० प्रकाशक, सुमारे १३,००० नियतकालिकं. पण पहिल्या टप्प्यात ते केंद्र आणि राज्य सरकारच्या संस्थांसाठी आहे. आपलं कॉलेज त्यात बसतं की नाही ते ग्रंथपालाला विचारा. खाजगी कॉलेजातला मित्र म्हणतो मला दिसत नाही, विद्यापीठाच्या विभागातला म्हणतो मला दिसतं, आणि दोघं एकमेकांना खोटं पाडत बसतात.

शोधगंगा (पीएचडीच्या प्रबंधांचा ऑनलाइन साठा) मात्र सगळ्यांना उघडी. लॉगिन नको, पैसे नकोत. गांधीनगरचं इन्फ्लिबनेट हे केंद्र ती चालवतं. तिथे प्रबंध अख्खा एका फाइलीत नसतो, प्रकरणागणिक तुकडे असतात. डेटा कमी असणाऱ्याने आधी अनुक्रमणिका उतरवावी, मग शेवटची संदर्भसूची, मग लागेल तेवढंच प्रकरण. @विडीघरकुल_७, तू संदर्भसूचीपासूनच सुरू कर. तुझ्या आधी पाच-सहा जणांनी तुझी पायपीट करून ठेवलेली असते.

आणि गूगल स्कॉलरमध्ये प्रत्येक निकालाच्या खाली ‘किती जणांनी हा लेख वापरला’ त्याचा दुवा असतो. संदर्भसूची तुम्हाला मागे नेते, हा दुवा पुढे नेतो. २००५ चा एक चांगला लेख हातात पडला की त्यावर टीका करणारे, त्याला दुरुस्त करणारे सगळे एका टिचकीत सापडतात. आमच्या वर्गातल्या तिघांनाच हे ठाऊक होतं, आणि आम्ही पीएचडीला आहोत म्हणे.

---

बाळ्याचा_बाळू

काय बे एवढं सगळं हाय आणि आम्हाला कोणीच नाही सांगिटलं. मी तर चॅटजीपीटीला म्हणलं पंचवीस संदर्भ दे, त्याने दिले. गाईडनी सही केली. विषय संपला.

---

डीटीपीवाला_नवीपेठ

बाळूशेठ, विषय तिथे संपत नाही, तिथून माझ्या दुकानात येतो.

मी वीस वर्षं प्रबंध टाइप करून बाइंडिंग करून देतो. मार्च-एप्रिलमध्ये दुकानात पाय ठेवायला जागा नसते. विद्यार्थ्याने काय वाचलं ते गाईडच्या आधी मला कळतं. गेली दोन वर्षं संदर्भसूची टाइप करायला देत नाहीत, फोनवरून पाठवतात, आणि ती इतकी सुबक असते की संशय येतो. माणसाने केलेल्या सूचीत कुठेतरी साल राहिलेलं असतं, पान नंबर चुकलेला असतो.

परवा एक आले. सूचीत डीओआय नंबर (प्रत्येक लेखाचा कायमचा ऑनलाइन क्रमांक) होते. मी सहज चार नंबर इंटरनेटवर टाकले. दोन उघडलेच नाहीत, एक माशांच्या आजारावरचा लेख निघाला. यांचा विषय संत साहित्य! त्यांना दाखवलं तर म्हणाले, “राहू दे, बाहेरचे परीक्षक काय उघडून बघतात?” मी टाइप करून दिलं. माझं पोट त्याच्यावर आहे. पण बरं वाटलं नाही.

दुसरं म्हणजे ‘प्लेजरिझम (उचलेगिरी) कमी करून द्या’ म्हणून येणारे. काय काय करतात ते ऐका. मराठी उतारा यंत्राकडून इंग्रजीत, इंग्रजीतून हिंदीत आणि परत मराठीत. टक्केवारी उतरते, पण ‘हातमाग’चं ‘मागे हात’ झालेलं मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय. कोणी पान फोटो करून चिकटवायला सांगतं. असलं काम मी घेत नाही, शेजारी घेतो.

---

हुतात्माने_अपडाउन

माशांचे आजार आणि संत साहित्य 🙏

टक्क्यांवरून आठवलं. प्लेजरिझमबद्दल यूजीसीचे (विद्यापीठ अनुदान आयोग) २०१८ चे नियम आहेत. साम्य १० टक्क्यांपर्यंत असेल तर शिक्षा नाही. १० ते ४० असेल तर सहा महिन्यांच्या आत सुधारून द्यायचं, ४० ते ६० असेल तर वर्षभर सादर करता येत नाही, ६० च्या वर गेलं तर नोंदणी रद्द. यातून मुलांनी (आणि गाईडांनीही) अर्थ काढला की ‘९ टक्के चोरी चालते’. यंत्र फक्त सारखे शब्द मोजतं. अवतरणचिन्हात नाव देऊन घेतलेला उतारा चोरी नव्हे, आणि शब्द बदलून उचललेला विचार शून्य टक्के दाखवला तरी चोरीच.

---

जुनी_गिरणी

मी आळस म्हणालो ते अर्धं मागे घेतो. विडीघरकुलच्या प्रतिसादानंतर कालची रात्र नीट गेली नाही.

एक कबुली देतो. मी स्वतः पंचवीस वर्षं ‘किमान २५ संदर्भ पाहिजेत’ असं सांगत आलो. ते वाचले का, हे तोंडी परीक्षेत एकदाही विचारलं नाही. आकडा मागितला, पोरांनी आकडा दिला. ‘या यादीतलं कोणतं एक तुला पटलं नाही आणि का’ एवढा एक प्रश्न विचारला असता तर बनावट यादी आणणारा दारातूनच परत गेला असता.

बाकी शोलापूरच्या ‘एच’बद्दल धन्यवाद. आयुष्यभर ते स्पेलिंग जुन्या गिरणीच्या शेअर सर्टिफिकेटवर बघितलं, शोधताना वापरावं हे सुचलं नव्हतं.

---

डीटीपीवाला_नवीपेठ

मराठीतलं ऑनलाइन का सापडत नाही त्याचं एक कारण आमच्या धंद्यात आहे, तेही सांगतो.

बरीच वर्षं प्रबंध श्रीलिपीत (जुन्या पद्धतीचे मराठी फाँट) टाइप व्हायचे, आजही काही ठिकाणी होतात. पडद्यावर ‘सोलापूर’ दिसतं, पण संगणकाच्या लेखी ती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची खिचडी असते. फाँटचा बुरखा घातला की मराठी, काढला की कचरा. त्याचं पीडीएफ नेटवर चढवलं तरी तुम्ही युनिकोडमध्ये (आता फोन-संगणकावर सगळीकडे चालणारी अक्षरांची पद्धत) ‘सोलापूर’ शोधलं तर सापडणार कसं? अख्खा प्रबंध समोर आहे आणि यंत्राला त्यात ‘सोलापूर’ हा शब्दच दिसत नाही. स्कॅन केलेल्याची तर गोष्टच वेगळी, ते नुसतं चित्र.

म्हणून म्हणतो, मजकुरात शोधू नका, शीर्षकात आणि नावात शोधा. शीर्षकसुद्धा एकदा देवनागरीत आणि एकदा इंग्रजी अक्षरांत टाकून बघा. आणि आता जे टाइप करून घेणार आहात ते युनिकोडमध्येच मागा. जास्त पैसे मागितले तर माझ्याकडे या (ही जाहिरात समजली तरी चालेल).

---

कार्डकपाट

@डीटीपीवाला_नवीपेठ, तुम्हाला आमच्या ऑगस्टच्या तासाला बोलवते. खरंच सांगते, तुमच्या या दोन प्रतिसादांत माझ्या दहा वर्षांच्या स्लाइडपेक्षा जास्त आहे.

@बाळ्याचा_बाळू, तुझ्या पंचवीसांतले पाच इथे दे. लाजू नकोस.

---

बाळ्याचा_बाळू

दिले असते मॅडम, पण आता बघितलं तर पाचातले तीन कुठेच नाहीत. लेखक आहे, जर्नल पण आहे, त्या अंकात तो लेखच नाही. असला कसला खोटारडेपणा, तो पण एवढ्या आत्मविश्वासाने. आमच्या गल्लीतले पुढारी पण एवढं नाही करत.

---

कार्डकपाट

तो खोटं बोलत नाही रे, त्याला खरं-खोटं कळतच नाही. संदर्भ कसा ‘दिसतो’ ते त्याला माहीत आहे, तसा तो घडवून देतो. कामाला लावायचंच तर शब्द सुचवायला लाव. “या विषयाला इंग्रजीत आणखी काय काय म्हणतात?” असं विचार, आणि ते शब्द घेऊन स्वतः शोध. संदर्भ मात्र डोळ्यांनी उघडून बघितल्याशिवाय यादीत घालायचा नाही.

---

नवखी_वाचक

वाचनमात्र होते, राहवलं नाही. एम.कॉम. झालं आहे. आम्हाला वर्गात सांगितलं होतं की पेपर छापला तर मुलाखतीत मार्क मिळतात. एकाने १,५०० रुपयांत चार दिवसांत ‘आंतरराष्ट्रीय’ मासिकात छापून दिला, प्रमाणपत्र लगेच. नंतर कळलं की अर्थशास्त्र, आयुर्वेद, सिव्हिल इंजिनिअरिंग सगळं त्याच एका अंकात. असलं ओळखायचं कसं? यूजीसीची यादी बघा म्हणतात.

---

हुतात्माने_अपडाउन

ती यादीच आता नाही. मे २०१८ मध्ये यूजीसीने आपल्याच मान्य यादीतून ४,३०५ नियतकालिकं काढली, मग तिच्या जागी निवडक नियतकालिकांची केअर यादी आली, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये केअर यादीही बंद केल्याचं जाहीर झालं. आता ज्याचं त्याने तपासायचं. तरी काही जण आजही जाहिरातीत ‘यूजीसी केअर मान्य’ छापतात, आता तेवढं वाचूनच बाजूला व्हावं.

चार दिवसांत छापतो म्हणणारा वाचतच नाही, हे तर उघड आहे. पुढे संपादक मंडळातलं एक नाव घेऊन त्या माणसाच्या विद्यापीठाच्या पानावर जा, तिथे या मासिकाचा उल्लेख आहे का बघा. आयएसएसएन नंबर असणं म्हणजे दर्जा नव्हे, तो नुसता नोंदणीचा क्रमांक आहे, गाडीच्या नंबरप्लेटसारखा. नंबरप्लेट आहे म्हणून चालवणाऱ्याला गाडी येते असं नाही, पुणे नाक्यावर उभं राहून बघा.

---

विडीघरकुल_७

मॅडम, काल येऊन लॉगिन घेतलं. पण लिहायचं वेगळंच आहे.

तुम्ही शोलापूर सांगितलं त्यावरून मी ‘विडी’ बघायला घेतलं. इंग्रजीत बी-आय-डी-आय टाकून थोडं मिळालं. मग बी-डबल ई-डी-आय टाकलं तर कितीतरी जास्त. बिहार-बंगालकडचे लोक बी-आय-आर-आय लिहितात, त्यांचे वेगळेच लेख. तिन्ही स्पेलिंगं मध्ये ‘ऑर’ घालून एकदम टाकली. मराठीत पण विडी, बिडी, बीडी तिन्ही आहेत. तेलुगूत काय आहे ते अम्माला विचारून टाकणार आहे, निजामाबादकडे हेच काम चालतं, मावशी तिकडेच असते.

बाकी एक अडचण आहे. शोधगंगेवर दोन प्रबंध मिळाले, दोन वेगळ्या विद्यापीठांचे. दोन्हींत विड्या वळणाऱ्या बायकांच्या पाठदुखीवरचा एक परिच्छेद शब्दाला शब्द तोच आहे. दोघांनीही खाली संदर्भ दिलेला नाही. मी संदर्भ कोणाचा देऊ?

---

बाळ्याचा_बाळू

दोघांचा पण दे, भांडू देत.

---

कार्डकपाट

आधी दोघांची सालं बघ. नंतरचा आपोआप बाद. पण आधीचा मूळ असेल असं लगेच धरू नकोस. त्या परिच्छेदातली सात-आठ शब्दांची एक ओळ अवतरणचिन्हात घालून शोध. दोघांच्याही आधीचा कोणीतरी तिसरा असेल असं मला वाटतंय, बहुतेक एखादा सरकारी अहवाल. सापडला तर तो मूळचा घे.

नाही सापडला तर गुरुवारी तीननंतर ये, मोठ्या पडद्यावर बघू. चार्जर आण, आपल्याकडचा एकच पॉइंट चालू आहे.